पोस्टमास्तरीणबाईंस, खिडकीतल्या काकाकडून

चि. पोस्टमास्तरीणबाईंस अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र खरं तर पाकिटातून पाठवायचं होतं. पाकीट आणलं, तिकीट चिकटवलं, पत्ता लिहायला घेतला आणि माझं मलाच हसू आलं. आपल्या गावच्या पेटीत टाकलं तर ती पेटी उघडणार तू, शिक्का मारणार तू आणि पोचवणारही तूच. म्हणून मग हे उघडं पत्र. चार लोकांनी वाचलं तर वाचू देत. पूर्वी आपल्या गावात पोस्टकार्ड तरी कुठे निम्म्या वाडीनं वाचल्याशिवाय घरात यायचं?

तुझी बदली झाल्याचं परवा दुकानात कळलं. माहेरजवळची शाखा मिळाली, नवऱ्याची नोकरीही त्याच बाजूला, तेव्हा चांगलंच झालं. वाईट वाटलं ते आमचं आम्हाला. तू धाकट्या लेकीपेक्षाही लहान, म्हणून कागदावर 'आपण' वगैरे लिहायला हात धजत नाही. अगंतुगंच चालवून घे.

तू गावात आलीस तेव्हा मी तुला फारसा ओळखत नव्हतो, हे आधी कबूल करतो. मध्य रेल्वेच्या तिकीट खिडकीत ३४ वर्षं काढून २०१४ साली मी निवृत्त झालो आणि गावी आलो. करी रोड, कुर्ला, शेवटी ठाणे. माणसं मला खिडकीच्या अर्धगोलातून दिसत आली, म्हणजे हात आणि त्यातले पैसे. चेहरा बघायला वेळ कुणाला? गावी आल्यावरही ती खोड गेली नाही. तू माझ्या लेखी रजिस्टर पत्र घेऊन येणारा एक हात होतीस.

मग मार्च २०२० आला. रविवारी २२ तारखेला संध्याकाळी सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. पण त्या रात्री माझ्या पोटात खड्डा पडला तो वेगळ्या कारणानं. मध्यरात्रीपासून गाड्या बंद. लोकलसुद्धा. पाऊस तुंबला, बॉम्बस्फोट झाले, तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आमची खिडकी उघडलेली. १९७४ च्या संपातही सगळ्याच्या सगळ्या गाड्या थांबल्या नव्हत्या, असं आमचे सीनियर सांगत. आणि आता रुळांवर एकही प्रवासी गाडी नाही. मी ओटीवर बसून हिला म्हटलं, "हे लवकर आटपणारं प्रकरण नाही." २५ तारखेला पाडवा. गुढीला कडुलिंब होता, आंब्याचा टाळा होता, साखरेच्या गाठी मात्र नव्हत्या. हिनं गुळाचा खडा दोऱ्यात बांधला.

त्यानंतर मुलांचे फोन सुरू झाले. "बाबा, ओटीच्या खाली उतरायचं नाही." सरकारही तेच सांगत होतं की पासष्टीच्या वरच्यांनी घराबाहेर पडू नये. मी तेव्हा ६६ चा. त्यांचं चुकत नव्हतं, आजार म्हाताऱ्यांनाच आधी गाठत होता. पण कालपर्यंत बाजारात एकट्यानं जाणारा, वीजबिलं भरणारा, देवळाच्या जमाखर्चावर भांडणारा माणूस एका रात्रीत जपून ठेवायची वस्तू झाला. ही म्हणायची, "तुम्ही आता बरणीतलं लोणचं. हात लावायचा नाही, फक्त उन्हाला ठेवायचं." मी हसायचो. आतून हसू येत नव्हतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घरातले रोख पैसे संपत आले. पेन्शन खात्यात जमा, पण बँक १४ किलोमीटरवर. एसटी बंद, रिक्षा बंद. आणि एक दिवस सकाळी अकराला तू गडग्यापलीकडे उभी राहिलीस. तोंडाला ओढणी, खांद्याला थैली, हातात मोबाईल आणि ते अंगठ्याचं मशीन. म्हणालीस, "काका, खातं आधारला जोडलंय ना? मग कुठल्याही बँकेचं असू दे, पैसे मी देते."

बोट लागेना. उजवा अंगठा नाही, तर्जनी नाही. ३४ वर्षं चिल्लर मोजून आणि निवृत्तीनंतर सुपाऱ्या सोलून माझ्या बोटांवरच्या रेषा कुठे गेल्या कोण जाणे. तू म्हणालीस, "बोट जरा केसांवरून फिरवा, तेल लागू दे." केसांवरून! माझ्या डोक्यावर केस कुठे? मी हिच्या डोक्यावरून बोट फिरवलं, ही लाजली, आणि डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. रेंजसाठी तू तेवढ्यात गडग्यावर चढून मोबाईल आभाळाकडे धरलेला. शेजारच्या म्हातारीचं एकही बोट लागलं नाही तेव्हा ती घाबरून म्हणाली, "माजा आंगठा मेला की काय गो?" तू तिला सांगितलंस, "आजी, अंगठा जिवंत आहे, मशीन झोपलंय." तिला कोमट पाण्यात हात बुडवून बसायला लावलंस आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा गेलीस. मी पडवीच्या खिडकीतून बघत होतो.

मला तू पाच हजार दिलेस. मी सवयीनं मोजले. पाचशेची एक नोट जास्त होती. परत केली तेव्हा तुझा चेहरा पडला. दिवसभर उन्हातून फिरून, घरोघर बोटं लावून, संध्याकाळी हिशेब जुळवताना खिशातले घालायची पाळी तुझ्यावर दोनदा आली होती, असं तू सांगितलंस. आणि मग जे म्हणालीस, त्यासाठी हे सगळं पत्र आहे. म्हणालीस, "काका, तुम्ही मोजायला बसाल का?"

आजारपणात डबा देणारी, औषध आणणारी माणसं मिळतात, आणि त्यांचं ऋण मोठंच असतं. तूही हिच्या बीपीच्या गोळ्या दापोलीहून पार्सलनं मागवून दिल्यास. पण सगळं जग मला 'बसून राहा' म्हणत असताना 'कामाला बसा' म्हणणारी तू एकटी.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या पडवीची खिडकी सुरू झाली. जनधन खात्यात बायकांना एप्रिल ते जून दरमहा पाचशे रुपये येणार होते, शेतकऱ्यांचे दोन हजार होते, निराधारांची पेन्शन होती. तीन वाड्यांची माणसं. खळ्यात तू चुन्यानं गोल आखलेस. मी आत, गजांच्या मागे, तोंडाला हिनं जुन्या लुगड्याचा शिवलेला मास्क. नाव, खातं कुठल्या बँकेत, रक्कम, बोट कुठलं लागतं, असे चार रकाने मी वहीत आखले. बोटाचा रकाना ही माझी कल्पना, त्याचं श्रेय मला दे. कुणाचं कुठलं बोट चालतं हे लिहून ठेवल्यानं पुढच्या महिन्यात निम्मा वेळ वाचला. पैसे तू मोजायचीस, मग मी मोजायचो, मग घेणारा मोजायचा. पहिल्याच दिवशी माझ्या तोंडून निघालं, "पुढे व्हा, सुट्टे काढून ठेवा!" खळं हसलं. सुट्टे द्यायचे होते आम्हालाच.

मुलानं फोनवर चांगलंच फैलावर घेतलं. मी त्याला म्हटलं, खिडकीत आहे, खिडकीच्या बाहेर नाही.

आता त्या बांबूबद्दल. हे मी आजवर तुझ्यापाशी बोललेलो नाही.

मे महिन्यात मुंबईची माणसं यायला लागली. कुणी पास काढून गाडीनं, कुणी ट्रकमध्ये लपून, तर कुणी कोकण रेल्वेच्या रुळांवरून चालत. ज्या रुळांवर गाडी नाही त्यांवरून माणसं चालतायत, ही बातमी ऐकून मला रात्रभर झोप आली नव्हती. आणि तरीही, गावाच्या वेशीवर बांबू आडवा घालायचं ठरलं त्या बैठकीत मी हात वर केला. ३४ वर्षं स्वतः चाकरमानी होतो. गणपतीला, शिमग्याला पिशव्या सांभाळत या वेशीतून आलो होतो. तोच मी म्हणालो, "मुंबईवाले नकोत, सध्या तरी." भीती माणसाचं काय करते ते मी स्वतःच्या हातावरून सांगतो. तू त्या बैठकीत मागे उभी होतीस. काही बोलली नाहीस, पण हातही वर केला नाहीस.

आणि २५ मेला माझाच मुलगा आला. डोंबिवलीहून, बायको आणि पाच वर्षांच्या नातीला घेऊन. तिघांची रवानगी जिल्हा परिषदेच्या शाळेत, १४ दिवस. शाळा आमच्या घरापासून तीनशे पावलांवर. संध्याकाळी आम्ही पाखाडीवर उभे राहायचो, ती शाळेच्या व्हरांड्यात. नात ओरडायची, "आजोबा, तिकीट द्या!" हा आमचा जुना खेळ. मी हवेत तिकीट फाडायचो.

तू तिला अडीच रुपयांचं आंतर्देशीय पत्र नेऊन दिलंस. तिनं त्यात आमचं घर काढलं, घरापेक्षा मोठा आजोबा काढला, आणि तू ते रीतसर शिक्का मारून मला पोचवलंस. शिक्क्यावर ०१-०६-२०२० ही तारीख अजून वाचता येते. ते पत्र माझ्या पेन्शनच्या कागदांच्या फायलीत आहे, पहिल्याच पानावर.

दोनच दिवसांनी निसर्ग चक्रीवादळ आलं. ३ जून. वादळ किनाऱ्याला लागलं श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला, पण मधे बाणकोटची खाडी आहे म्हणून वारा थोडाच थांबतो? दुपारी आमच्या घराची कौलं पानांसारखी उडत होती. ही आणि मी देवघरात, पाट डोक्यावर धरून. आगरातल्या पोफळी एकामागून एक मोडताना जो आवाज येत होता तो मला सांगता येणार नाही. आणि माझं सगळं लक्ष शाळेकडे. शाळेवर पत्रे आहेत.

ते पत्रे गेले. मग काय झालं ते मला संध्याकाळी कळलं. पहिला पत्रा उचलला तेव्हाच तू पावसातून धावत शाळेत गेलीस आणि अकरा माणसांना तुझ्या घरी आणलंस, ज्या स्लॅबच्या खोलीत पोस्ट आहे तिथे. टपालाची थैली माळ्यावर टाकलीस, टेबल आडवं करून दाराला लावलंस. माझी नात चार तास त्या टेबलाखाली बसून तिकिटांवरचे चेहरे मोजत होती.

गावानं तुझे आभार मानले का? नाही. नियम मोडला म्हणाले. विलगीकरणातली माणसं घरात घेतली, सासूसासऱ्यांचा विचार केला नाही, म्हणाले. पुढचे दहा-बारा दिवस तुझ्या पायरीवर कुणी पाऊल ठेवलं नाही. मग पैसे लागले तशी आली हळूहळू. मी त्यावेळी गावाला चार शब्द सुनवायला हवे होते. बांबूला हात वर केलेल्या माणसाच्या तोंडून ते निघाले नाहीत. आज लिहितो. तू नियम मोडलास ते बरं केलंस, आणि मी तेव्हा गप्प बसलो ते वाईट केलं.

आमच्या १४० पोफळींतल्या नऊ उरल्या. माड अकरा होते, त्यातले तीन उभे, तेही शेंडा पिळवटलेले. लाइट आली ३२ दिवसांनी. मोबाईलचा टॉवर आडवा, म्हणजे तुझं मशीनही मुकं. त्या दिवसांत चालला तो फक्त कागद, आणि आपली खिडकी पुन्हा उघडली. या वेळी नुकसानीच्या अर्जांसाठी. सरकारनं बागांना हेक्टरी ५० हजार जाहीर केले होते. मुंबईच्या पेपरात आकडा मोठा दिसतो. आपल्याकडे हिशेब गुंठ्यांत. साधारण १०० गुंठ्यांचा हेक्टर, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. आमचं आगर सहा गुंठे, आले तीन हजार. पोफळ लावल्यापासून हाताशी यायला सहा-सात वर्षं लागतात. मी तेव्हा मनात वय मोजलं होतं, तेही खरं.

एकसष्ट घरांचे अर्ज मी लिहिले. झाडं मोजायला तू माझ्याबरोबर फिरलीस, पडलेल्या खोडांवरून उड्या मारत. एक म्हातारा म्हणाला, "लिवा दोनशे, कोण मोजतंय?" तू म्हणालीस, "काका मोजतात." मी मोजली. एकशे बारा भरली. तो वर्षभर माझ्याशी बोलला नाही.

त्या वर्षीच्या गणपतीबद्दल फार लिहीत नाही. चाकरमान्यांचे विलगीकरणाचे दिवस १४ वरून १० वर आले, आरत्या मोबाईलवर झाल्या, झांजा वाजवायला आम्ही दोघंच. २०२१ च्या शिमग्यात पालखी घरी आली नाही. त्याच उन्हाळ्यात दुसरी लाट आली. देवळाच्या पायरीवर पत्ते खेळणारे आम्ही चौघं होतो. आता दोघं आहोत. एवढंच.

मार्चमध्ये साठीवरच्यांचं लसीकरण सुरू झालं तेव्हा मोबाईलवर नोंदणी करून तूच मला आरोग्य केंद्रात पाठवलंस. आपल्या आशाताईही त्या दोन वर्षांत ऑक्सिजन मोजायचं यंत्र घेऊन किती चढ चढल्या, त्याचा हिशेब कुणाच्याच वहीत नाही. त्यांना वेगळं पत्र लिहायला हवं, आणि ते तू पोचवायला हवंस. राहिलंच बघ.

निर्बंध उठले ते पुन्हा पाडव्यालाच, एप्रिल २०२२ मध्ये. लोकांनी मास्क काढले, मुंबईच्या गाड्या भरभरून आल्या, मुलगा-सून-नात येऊन गेली. आणि मी घरातून बाहेर पडेना.

हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. हिच्याही नाही. कारणं माझ्याकडे भरपूर होती. सुरुवातीला एसटीचा संप होता, गाडीच नाही तर जाणार कुठे? तो संप मला मनातून बराच वाटत होता. एप्रिलच्या अखेरीला गाड्या सुरू झाल्या तेव्हा म्हटलं ऊन फार आहे, मग पाऊस, मग गुडघा. खरं असं होतं की खळ्याच्या बेड्याला, म्हणजे फाटकाला, हात लावला की छातीत धडधडायचं. कुणी जवळ येऊन बोललं की पाय आपोआप मागे यायचा. ज्या भीतीनं बांबू आडवा घातला होता, ती वेशीवरून उठून आता आमच्या बेड्यात येऊन बसली होती. खिडकीत बसणं मात्र जमत होतं. मी खिडकीतून गावाशी बोलायचो आणि लोकांना वाटायचं काका बरे आहेत.

नोव्हेंबर आला. पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. सत्तर रुपयांत तू घरी येऊन बोट घेतेस आणि मी जिवंत असल्याचं सरकारला कळवतेस, हे दोन वर्षं चाललं होतं. त्या वर्षी तू निरोप पाठवलास, "मशीन घराबाहेर चालत नाही, बिघडलंय. काका, पोस्टात यावं लागेल."

मी तीन दिवस टाळलं. चौथ्या दिवशी वाटलं, पेन्शन थांबली तर? काठी घेतली आणि निघालो. देवळापर्यंत दोनदा थांबलो. गडग्याला टेकून घाम पुसला. परतलो असतो, पण मागून एक पोर सायकलवरून ओरडत गेलं, "काका आले, काका आले!" मग परतायची लाज वाटली. तुझ्या ओटीवर पोचलो तेव्हा तू वर बघितलंसही नाही. "बसा," म्हणालीस, "डावं मधलं बोट." दाखला दोन मिनिटांत झाला. चहा मात्र तू पाऊण तास करत होतीस, आणि तेवढ्यात ओटीवर पाच-सहा माणसं येऊन मला भेटून गेली.

परत जाताना शेजारची म्हातारी भेटली. म्हणाली, "पोस्टवाली मघाशीच माज्याकडं येऊन आंगठा घेऊन गेली." त्याच मशीनवर. त्याच सकाळी.

मी तुला कधी विचारलं नाही. तूही कधी सांगितलं नाहीस. पण दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी पुन्हा पोस्टात आलो, थैली आली का बघायला. त्यानंतर रोज. गेल्या वर्षी नातीला घेऊन एकटा डोंबिवलीला जाऊन आलो, खेडहून गाडीनं. ठाण्याला उतरून माझी जुनी खिडकी लांबून बघितली. आता तिथे बरेच लोक मशीनवरून तिकीट काढतात.

नव्या पोस्टमास्तरला चार्ज देताना आपली ती वही दे. जुनी झाली आहे, तीन-चार नावांपुढे मी काट मारली आहे, पण बोटांचा रकाना अजून कामाचा आहे. माझं डावं मधलं, हिचा उजवा अंगठा, म्हातारीला आधी कोमट पाणी. आणि त्याला सांग, पैसे मोजायला कुणी लागलं तर अकरा वाजता एक माणूस येतोच.

तुझा,
खिडकीतला काका

ता. क. उरलेल्या नऊ पोफळींच्या सुपाऱ्यांची रोपं केली होती. त्यातली सहा पिशवीत घालून ओटीवर ठेवली आहेत. टेम्पोत सामान भरताना ती शेवटी ठेव, वर काही रचू नकोस.